विश्वास आणि अधिकार : डहाणू-तलासरीच्या उपकेंद्रांतील परिचारिका

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आजारी माणसाची सरकारी आरोग्यसेवेशी पहिली गाठ पडते ती बहुतेक वेळा उपकेंद्रातल्या सिस्टरशी. पश्चिमेला चिंचणी, घोलवड, बोर्डीची किनारपट्टी, चिकूच्या वाड्या आणि रेल्वेमार्ग आहे. तिथून पूर्वेला सरकू लागले की गंजाड, धुंदलवाडी, सायवन, उधवा या भागांत वस्ती विरळ होत जाते आणि एका ग्रामपंचायतीत दूरदूर विखुरलेले पाडे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणूत दहापैकी सात आणि तलासरीत दहापैकी नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, कित्येक तरुण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने समुद्रात असतात. आदिवासी भागासाठी ठरलेल्या निकषाप्रमाणे २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते आणि एमबीबीएस डॉक्टर भेटायचा तर तिथे. ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असते आणि तिथे परिचारिका असते. त्यापलीकडे तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, आणि तिथेही जमले नाही तर वापी, वलसाड, सिल्वासा. म्हणजे प्राथमिक उपचार परिचारिकेने करावेत की नाही, हा प्रश्न या भागात केव्हाच मागे पडला आहे. ती ते करतेच आहे. लोक तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात आणि ती नजर कशाने घडते, हा खरा प्रश्न आहे. पुढील पानांकडे वळण्यापूर्वी त्याचा नीट विचार व्हावा, म्हणून ही प्रस्तावना. माझे म्हणणे एवढेच आहे की परिचारिकेवरचा लोकांचा विश्वास तिला दिलेल्या अधिकाराच्या पावलावर पाऊल ठेवून येतो. तिच्या हाती बरे करण्याची ताकद दिली तर लोक तिला मानतात. ती काढून घेतली तर तिच्या पदाचे नाव कितीही वेळा बदलले तरी लोकांचे मत बदलत नाही.

या पदाचा इतिहासच हे सांगतो. जिल्हा परिषदेच्या कागदावर जी आरोग्य सेविका, ती लोकांची नर्सबाई किंवा सिस्टर. मुळात तिची नेमणूक बाळंतपण आणि बालसंगोपन यांसाठी झाली. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने वेगवेगळ्या रोगांसाठी वेगवेगळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी असावेत असे सुचवले, आणि तिच्यावर सगळ्याच योजनांचा भार आला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, आली. २०१८ च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजनेतून दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे उभारण्याची घोषणा झाली आणि उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे नवे पद आले. परिचर्या किंवा आयुर्वेद शाखेचा पदवीधर, वर सहा महिन्यांचे सामुदायिक आरोग्याचे प्रशिक्षण, अशी त्याची पात्रता. बाळंतपण आणि लसीकरणापुरत्या उपकेंद्रात रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, मानसिक आरोग्य, वृद्धांची काळजी अशा एकूण बारा सेवा याव्यात, ही कल्पना. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू केला, तोही डॉक्टर न पोहोचणाऱ्या भागांतल्या मुलांसाठी. भारतात हे नाव अतिदक्षता विभाग आणि प्रसूतिसेवा यांपुरतेच रुजते आहे. स्वतः तपासणारी, निदान करणारी, औषध देणारी आणि पाठपुरावा ठेवणारी परिचारिका आपल्याकडे प्राथमिक सेवेत शोधायची, तर ती उपकेंद्रातल्या सीएचओच्या खुर्चीवर आणि तिच्याशेजारच्या आरोग्य सेविकेत सापडते.

लोकांच्या मनातली तिची प्रतिमा मात्र या सगळ्याच्या आधीची आहे. अनेक वर्षे ती लस टोचायला आली, गरोदर बायांची यादी करायला आली, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी माणसे गोळा करायला आली. आणीबाणीच्या काळात, विशेषतः १९७६ मध्ये, नसबंदीच्या उद्दिष्टांचा जो धाक बसला तो गावोगावी आठवणीत राहिला. म्हणजे ती दारात येत होती ती सरकारला हवे असलेले काम घेऊन. घरातल्या माणसाला हवे असायचे ते वेगळे: तापावर औषध, गुडघ्याच्या दुखण्यावर काहीतरी, रात्री धाप लागलेल्या बाळासाठी कुणीतरी. त्या वेळी तिच्या कपाटात असायच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे आणि वरच्या दवाखान्याची चिठ्ठी. बाजाराच्या गावात बसलेला बोगस डॉक्टर पैसे घेऊन सुई द्यायचा, सलाईन लावायचा, आणि माणूस काही काळ तरी तरतरीत होऊन घरी यायचा. अशा वेळी लोकांनी सिस्टरला ‘लसवाली बाई’ आणि बोगस माणसाला ‘डॉक्टर’ मानले, यात त्यांच्या अज्ञानापेक्षा त्यांच्या अनुभवाचा भाग मोठा आहे. कुठे गेल्यावर काय मिळते हे पाहून त्यांनी आपले मत बनवले. आदिवासी माणूस भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिक-वैदूकडे, जातो, अंधश्रद्धाळू आहे, त्याला आरोग्याची जाण नाही, असे म्हणून हा विषय वर्षानुवर्षे संपवला जातो. भगत मध्यरात्री पाड्यातच असतो, आजाऱ्याच्या घरी येऊन बसतो आणि त्याचे सगळे ऐकून घेतो. उपकेंद्राला कुलूप असेल तर त्याच्याशी तुलना तरी कशाची करायची?

विश्वास घडतो कसा आणि मोडतो कसा, हे पाहायला एक साधा प्रसंग पुरे आहे. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून उपकेंद्रात येते. सिस्टर दंडाला पट्टा बांधते, रक्तदाब १६०/११० भरतो, लघवीत प्रथिने सापडतात, पायांवर सूज आहे. हा झटके येण्याआधीचा इशारा आहे हे ती ओळखते. प्रशिक्षित आरोग्य सेविकेला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग पुढे पाठवण्याची मुभा आहे. ती डोस देते, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावते, आशाला सोबत देते आणि चिठ्ठीवर रक्तदाब, वेळ, दिलेला डोस लिहिते. आता पुढचे सगळे त्या चिठ्ठीचे काय होते यावर आहे. रुग्णालयात चिठ्ठी बाजूला पडली, सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारले गेले, ‘तिला काय कळते’ असे कुणी त्या घरच्या माणसांसमोर बोलून गेले, तर पाड्यावर परतताना ती माणसे एक निष्कर्ष घेऊन परततात: पुढच्या वेळी सिस्टरकडे वेळ घालवायचा नाही. उलट तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी वाचून ‘सिस्टरने वेळेत ओळखले, वेळेत इंजेक्शन दिले’ एवढे एक वाक्य उच्चारले, तर तिचा शब्द दहा घरांत पोहोचतो. सिस्टर तीच, तिचे ज्ञान तेच, उपचारही तोच. फरक पडला तो वरच्या पायरीने तिच्या निर्णयाला मान दिला की नाही, यामुळे. म्हणून लोकांची मानसिकता बदलायला हवी असे म्हणणाऱ्यांनी आधी आरोग्यखात्याच्या आतली मानसिकता तपासावी.

अधिकार दिल्यावर काय होते याचा पुरावा बाहेरून आणायला नको, तो महाराष्ट्रातच आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. तिथला हजारी १७६ असलेला बालमृत्युदर १९९० च्या दशकात तिशीच्या खाली आला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवले. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रयोगातल्या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत उतरला आणि तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. डॉक्टर नसलेल्या बाईने प्रतिजैविकाची सुई द्यावी, हे त्या वेळी अनेक जाणकारांना घातक वाटले होते. पुढे २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम देशभरातल्या आशांकडे आले, आणि २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठराविक परिस्थितीत आरोग्य सेविकेला तान्ह्या बाळाला जेंटामायसिन देण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जामखेड आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी गावाने त्या बायांना मानले, कारण त्यांच्या हातून बाळे वाचताना गावाने पाहिली. आधी जनजागृती करून, प्रतिमा सुधारून मग काम सोपवले, असा क्रम कुठेही दिसत नाही.

तरीही पुरावा वाचताना सोयीचे तेवढेच उचलून चालणार नाही. छत्तीसगडने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला आणि त्यातून बाहेर पडलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. त्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात हे सहायक नेहमीच्या आजारांवर एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे उपचार करतात असे दिसले. त्याच अभ्यासात परिचारिका आणि इतर निमवैद्यकीय कर्मचारी सर्वांत मागे होते. हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असे कुणाला वाटेल. मला तो उलट महत्त्वाचा आधार वाटतो. रोगनिदान कधी शिकवलेच नाही अशा परिचारिकेला डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीत बसवले तर ती मागे पडणारच. रीतसर शिकवले तर चित्र पालटते. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर यांच्यात वाटून केलेला प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांची प्रकृती सारखीच आढळली. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा १८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला: प्राथमिक सेवेत प्रशिक्षित परिचारिकेच्या उपचारांचे परिणाम डॉक्टरइतके किंवा काही बाबतींत सरस असावेत, ती रुग्णाला वेळ जास्त देते आणि रुग्ण अधिक समाधानी असतात. दोन्ही बाजूंचे पुरावे शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. अधिकार आणि शिक्षण बरोबरीने द्यावे लागतात, आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण हा आरंभ आहे, पूर्णत्व नव्हे.

माझ्या या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. मुंबईकराला डॉक्टर आणि वारल्याला नर्स, हा दुय्यम दर्जा कशासाठी? १९४५ मध्ये ज्या भागातले वारली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, त्या भागात हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे आणि तो झटकून टाकण्याचा कुणालाही अधिकार नाही. या वादाला जुनी मुळेही आहेत. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या १९४६ च्या भोर समितीपुढे देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट होते. समितीच्या बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर असावा असे ठरवले आणि काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. समतेसाठी घेतलेल्या त्या निर्णयानंतर डॉक्टर शहरांत साचत गेले आणि खेड्यांत जागा रिकाम्या राहिल्या. दर्जा एकच ठेवला आणि तो पोहोचलाच नाही, तर त्या समतेचा सायवनच्या बाईला उपयोग काय? या आक्षेपाचे उत्तर दोन अटींवर उभे आहे. पहिली, परिचारिकेची प्राथमिक सेवा केवळ आदिवासी भागाच्या माथी मारू नये, शहरांतल्या दवाखान्यांतही ती तशीच असावी. ब्रिटनमध्ये पात्र परिचारिका २००६ पासून स्वतंत्रपणे औषधे लिहून देतात, आणि त्या लंडनमध्येही लिहितात. दुसरी, तिच्या मागे डॉक्टर खरोखर उभा असावा. परिचारिका ही डॉक्टरकडे जाण्याचा दरवाजा असेल तर ती हक्क मिळवून देते. तिच्यापाशीच वाट संपत असेल, तर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मान्य करावे लागेल.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला आणि यातून भोंदूगिरी कायदेशीर होईल असा इशारा दिला. चुकीच्या हाती प्रतिजैविके गेली तर औषधे निकामी होतात, ही भीती रास्त आहे. पण नियम नसलेल्या अधिकाराने हे घडते, नियमबद्ध अधिकाराने ते रोखता येते. खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे का हे ठरवताना परिचारिका पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजते: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतल्याला पन्नास, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. आकडा गाठला तर ठरलेले औषध, ठरलेल्या मात्रेत. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल किंवा छाती आत ओढली जात असेल तर ताबडतोब रुग्णालय. ही शिस्त पाळणारी परिचारिका प्रत्येक खोकल्याला सुई देणाऱ्या बोगस डॉक्टरपेक्षा प्रतिजैविके नक्कीच कमी वापरते. पदवी हीच सुरक्षिततेची हमी, असेही म्हणता येत नाही. मध्य प्रदेशच्या ग्रामीण भागाविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णाला मिळणारा सरासरी वेळ चार मिनिटांहूनही कमी निघाला. आणि महाराष्ट्रानेच २०१४ मध्ये एका वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधे देण्याची वाट कायद्याने खुली केली. त्या निर्णयावर वाद आहेत, पण शरीरशास्त्र आणि औषधे चार वर्षे शिकलेल्या, वॉर्डात रात्री काढलेल्या परिचारिकेचा विचार त्यात झाला नाही, हे नजरेआड करता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की लोकांनाच डॉक्टर हवा आहे, मग हे सगळे कुणासाठी? हवा आहे, आणि अपघात, अडलेली बाळंतीण, सर्पदंश यांसाठी तो हवाच. परंतु आजारांचे स्वरूप बदलले आहे. रक्तदाब, मधुमेह आणि आदिवासी समाजात आढळणारा आनुवंशिक सिकलसेल हे एका भेटीत मिटणारे आजार नाहीत. २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले. त्याचा खरा भार तपासणी शिबिरात नसतो, नंतरच्या वर्षांत असतो: वाहक आणि रुग्ण यांतला फरक समजावणे, लग्न ठरताना कुटुंबाशी बोलणे, हायड्रॉक्सियुरिया हे औषध चुकू न देणे, वेदनेचा झटका आला तर कुठे जायचे हे आधी ठरवून ठेवणे, वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाला पुरेशा गोळ्या आणि कागद बांधून देणे. यासाठी लागते ओळखीचे माणूस, जे पुढच्या वर्षीही तिथेच असेल आणि घरातल्या भाषेत बोलेल. बदलीवर येणारा डॉक्टर हे क्वचितच करू शकतो. सिस्टर करू शकते, पण तिचा दिवस अ‍ॅपमध्ये माहिती भरण्यात आणि कपाटात नसलेल्या औषधांबद्दल माफी मागण्यात गेला नाही तरच.

म्हणून पुढील पाने वाचताना वाचकांनी एक कसोटी हाताशी ठेवावी. उपकेंद्राला २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हटले जाऊ लागले, भिंती रंगल्या, पाट्या बदलल्या. पण तिथे रक्तदाबाची गोळी बाराही महिने मिळते का? ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलायला नेटवर्क आहे का? रुग्णालयातून सिस्टरच्या चिठ्ठीला उत्तर परत येते का? तिने काय द्यावे आणि काय देऊ नये हे कायद्याच्या भाषेत स्पष्ट आहे का, म्हणजे चांगल्या हेतूने घेतलेल्या निर्णयासाठी ती एकटी पडणार नाही? ती कंत्राटावर असेल तर पुढच्या वर्षी याच पाड्यांवर असेल का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तिथे लोकांच्या मतपरिवर्तनासाठी वेगळी मोहीम लागणार नाही. या भूमीला हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला शिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेले, आणि त्या प्रयोगातली अंगणवाडी पुढे सबंध देशाची झाली. तेव्हाही शिक्षणाचा दर्जा घसरेल अशी शंका घेता आली असती. त्यांनी शिक्षिकेला पद्धत शिकवली, साधने दिली आणि तिच्या कामावर विश्वास टाकला. डहाणू-तलासरीतल्या परिचारिकेला आज याच तीन गोष्टी हव्या आहेत. त्या देणे सरकारच्या हातात आहे, आणि त्या मागणे हा इथल्या लोकांचा हक्क आहे.